फोनवर दिलेलं मत

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमधल्या आमच्या अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये मताचा अधिकार जवळजवळ कुणालाच नव्हता, आणि निवडणुकीवर सगळ्यात जास्त बोलायचो आम्हीच. शनिवारी क्लबहाऊसमध्ये पॉटलक असायचं, प्रत्येक घरानं एकेक पदार्थ करून आणायचा. बायका डबे उघडून ज्याची झाकणं त्याला लावत असायच्या आणि पुरुष मंडळी भिंतीला टेकून पुढचा राष्ट्राध्यक्ष निवडत असायची. पुण्याचे, मुंबईचे, नागपूरचे, सगळे वर्क व्हिसावर आलेले आणि सगळ्यांचे ग्रीन कार्डाचे अर्ज कुठल्या ना कुठल्या टप्प्यावर अडकलेले. २००७ चा उन्हाळा होता. मतदानाला वर्षाहून जास्त अवकाश होता, पक्षांनी आपापले उमेदवारसुद्धा ठरवले नव्हते, पण जनमत चाचण्यांचे आकडे सारखे येत होते आणि आमच्याकडे ते रोजच्या दुधासारखे घेतले जात होते.

माझा नवरा यात सगळ्यांच्या पुढे. सकाळी उठला की आधी लॅपटॉप, मग दात. मी चहा ठेवेपर्यंत कोण किती वर, कोण किती खाली हे त्याचं बघून झालेलं असायचं. त्या उन्हाळ्यात दोन नावं आघाडीवर होती. त्यातल्या एकाला आमची मंडळी ‘आपला’ म्हणायची. तो निवडून आला की ग्रीन कार्डाची रांग हलणार, याबद्दल सगळ्यांची खात्री होती. का हलणार, असं विचारलं की प्रत्येक जण वेगळं कारण सांगायचा. दुसरा आला तर रांग आहे तिथेच गोठणार, यावरही एकमत होतं. त्याला कुणी नावानं ओळखायचंच नाही. तो नुसता ‘दुसरा’.

इतरांच्या घरी हा गप्पांचा विषय असेल, आमच्या घरी नव्हता. नवऱ्याच्या जुन्या साहेबांनी पुण्यात नवीन ऑफिस उघडलं होतं आणि त्यांना हा तिथे हवा होता. लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, हो की नाही ते कळव, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. नाही म्हणायचं, तर इथे रांग हलेपर्यंत ज्या कंपनीनं अर्ज केला तिथेच, त्याच खुर्चीवर, त्याच कामाला चिकटून बसायचं. आणि मी माझ्या डिपेंडंट व्हिसावर घरी. लग्नाआधी मी नागपूरला कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. इथे मला पगाराचं कुठलंच काम करायला परवानगी नव्हती. भाजी निवडता निवडता मी मनातल्या मनात वर्ग घ्यायचे, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नव्हतं.

नवऱ्यानं यावर तोडगा काढला होता. लेबर डेच्या सुमाराला चाचण्यांत आपला पुढे असेल, तर पुण्याला ‘नाही’ कळवायचं. दुसरा पुढे असेल, तर सामान बांधायचं. इमोशनल होऊन डिसिजन घ्यायचा नाही, डेटा बघून घ्यायचा, असं तो म्हणायचा. आणि हे तो कुणाला सांगायचा, तर जिनं पोरांना डेटा म्हणजे काय ते शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली तिला. माझं डोकं फिरायचं.

मी त्याला समजावून पाहिलं. अरे, एवढं आधी जाऊन माणसाला विचारलं, की आज मतदान असतं तर कुणाला मत दिलं असतंस, तर तो आठवेल ते नाव सांगतो. आज मतदान नाहीये हे त्यालाही ठाऊक असतं. त्याचं त्यात काही अडत नाही, काही जात नाही. डाळ गॅसवर चढवल्याबरोबर मीठ चाखून बघण्यातला प्रकार आहे हा. आणि आकड्याखाली ती अधिक-उणे चूक छापतात ना, ती फक्त किती जणांना विचारलं त्याची असते. लोकांचं मन पुढे बदलणार आहे, त्याचा तिच्यात हिशेब नसतो. फोन कुणी उचलला आणि कुठल्या मनःस्थितीत उत्तर दिलं, त्याचा तर नसतोच. तो म्हणायचा, एवढे मोठे लोक चाचण्या घेतात, त्यांना हे कळत नसेल का? मी म्हणायचे, त्यांना कळतं, तुला कळत नाही.

मग मी त्याला तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या जेवणाची आठवण करून द्यायचे. आदल्या वर्षी पानांचा अंदाज घ्यायचं काम माझ्याकडे होतं. जुलैत सगळ्यांना फोन केले. “नक्की येणार, हे काय विचारणं झालं?” असं एकेकानं इतक्या प्रेमानं सांगितलं की मी तेवढ्यांचा स्वयंपाक सांगून बसले. सप्टेंबरात कुणाकडे पाहुणे आले, कुणाच्या मुलाचा सॉकरचा सामना निघाला, कुणी तर त्या दिवशी डॅलसच्या बाजूला, प्लेनोला भावाकडे गेलेलं. पुढे आठवडाभर कॉम्प्लेक्समधलं प्रत्येक घर श्रीखंड खात होतं. त्यांतलं कुणीही खोटं बोललं नव्हतं. जुलैत त्यांना खरोखरच यायचं होतं. शिवाय आपल्या माणसांना तोंडावर नाही म्हणता येत नाही, ते वेगळंच. नवरा हसला आणि म्हणाला, आपलं सोड, अमेरिकन लोक स्ट्रेट उत्तर देतात.

माझे सासरे तेव्हा आमच्याकडे होते. मे महिन्यात आले होते, सहा महिन्यांसाठी. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि नागपूरच्या घरात ते एकटेच राहायचे. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून रिटायर झालेले, अंगानं काटक, बोलायला गोड, आणि स्वतःविषयी काही विचारलं की लगेच दुसऱ्या विषयाकडे वळणारे. जेवणाचं काय करता, असं विचारलं की म्हणायचे, डबा लावलाय, चांगला असतो. करमतं का, असं विचारलं की म्हणायचे, पेपर वाचण्यात दिवस कुठे जातो कळत नाही. त्यांच्या शेजारच्या काकूंनी मला फोनवर वेगळंच सांगितलं होतं. डब्यातली भाजी अर्धी तशीच राहते, आणि संध्याकाळी ते उगीचच गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन उभे राहतात, कुणी ओळखीचं दिसलं तर बोलायला. मी हे नवऱ्याला सांगितलं होतं. त्यानं लगेच बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, काकूंना उगाच काळजी करायची सवय आहे, मी मजेत आहे. झालं. याचं समाधान झालं.

मॉरिसव्हिलमध्ये त्यांनी आपला दिनक्रम लावून घेतला होता. ऊन चढायच्या आत तळ्याला फेऱ्या, तिथल्या बदकांना लांबूनच नमस्कार, कारण एकदा एक अंगावर धावून आलं होतं. मग चहा आणि पेपर. पेपर ते जाहिरातींसकट वाचायचे. नाश्त्याला बसलं की रोज मुलाला विचारायचे, “आज कोण पुढे?” हा म्हणायचा, “आपला.” ते म्हणायचे, “वा, छान.” निवडणुकीचं त्यांना खरंच वेड होतं. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांनी मतदान केंद्रावर ड्यूटी केलेली. मत ही कुणाला सांगायची गोष्ट नाही, अशी त्यांची पक्की धारणा. सासूबाईंनाही ते कधी सांगायचे नाहीत, त्यावरून एकदा दोघांत चांगलाच अबोला झाला होता, असं त्या मला हसत हसत सांगायच्या. चाचणी घेणारे लोक फोन करून मत विचारतात आणि लोक सांगतातही, याचं त्यांना फार नवल वाटे. ते म्हणायचे, असं कसं कुणी कुणाला विचारून राहिलं?

ऑगस्टातली एक संध्याकाळ. नवरा अजून ऑफिसातून यायचा होता, मी भेंडी चिरत होते. घरचा फोन वाजला. बाबा नेहमी सगळ्यांच्या आधी उचलायचे, नागपूरहून असेल या आशेनं. या वेळी पलीकडे कुणी बाई होती. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि त्यांच्या शाळेतल्या इंग्रजीत, एकेक शब्द वेगळा करून म्हणाले, “नॉट यंगेस्ट, मॅडम, बट ओन्ली मेल इन द हाऊस. सेव्हंटी-वन.” म्हणजे मला कळलं. चाचणीवाले तेव्हा असंच विचारायचे, अठरा वर्षांवरचा सगळ्यात तरुण पुरुष जो आत्ता घरात असेल, त्याला फोन द्या. संध्याकाळी तरुण पुरुष फोनवर सापडत नाहीत, म्हणून काढलेली ती युक्ती आहे. आमच्या घरात त्या क्षणी सगळ्यात तरुण पुरुष माझे सासरे होते.

मी सुरी हातात ठेवूनच त्यांना खुणा केल्या, ठेवा फोन, सांगा आम्हाला मत नाही म्हणून. त्यांनी मला हातानं थांबवलं. कुणी रीतसर प्रश्न विचारत असेल तर उत्तर द्यायचं, अर्धवट सोडायचं नाही, हा मास्तरांचा स्वभाव. मतदार यादीत नाव आहे का? यस, एकवीस पूर्ण झाल्यापासून. मागच्या वेळी मत दिलं होतं का? ऑफ कोर्स. पुढच्या वेळी देणार का? सर्टन, मॅडम. आय हॅव नेव्हर मिस्ड. यातलं प्रत्येक उत्तर खरं होतं. फक्त ते नागपूरचं होतं, एवढंच. आणि पलीकडच्या बाईच्या प्रश्नांत देश कोणता, ते कुठे विचारलंच नव्हतं. मला हसू आवरत नव्हतं. नवऱ्याला हे कधी सांगते असं झालं होतं.

मग तो मुख्य प्रश्न आला असावा, कारण बाबा गप्प झाले. मला वाटलं, आता हे ठणकावून सांगणार, हे विचारायचं नसतं म्हणून. ते खिडकीकडे वळले. आवाज खाली आणला. आणि त्यांनी नाव सांगितलं.

दुसऱ्याचं.

बाई पुन्हा विचारत असावी, नक्की का म्हणून. “व्हेरी शुअर,” बाबा म्हणाले.

फोन ठेवून ते येऊन टेबलापाशी बसले आणि फडकं घेऊन उरलेली भेंडी पुसायला लागले. मी हसतच म्हटलं, अहो बाबा, तुम्हाला इथे मत नाही. ते म्हणाले, तिनं कुठं विचारलं? मग मी म्हटलं, आणि दुसऱ्याचं नाव कसं घेतलंत? तुम्हाला तर आपलाच आवडतो. त्याचं भाषण टीव्हीवर लागलं की तुम्हीच आम्हाला गप्प करता.

“माणूस तोच चांगला आहे,” बाबा म्हणाले. पुसलेली भेंडी त्यांनी पुन्हा पुसली. “पण तो आला तर तुम्ही इथंच राहाल ना, बेटा.”

मी सुरी खाली ठेवली. मग म्हणाले, “त्याला सांगू नको.”

मला रडू आलं आणि रागही आला. बाबांचा आला, की एवढं मनात असून हे इतके दिवस ‘वा, छान’ म्हणत होते. नवऱ्याचा जास्त आला. आणि त्या फोनवरच्या बाईचासुद्धा आला, बिचारीचा काही संबंध नसताना. आम्हाला जे या माणसानं सांगितलं नाही, ते तिला एका प्रश्नात मिळालं होतं आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता. तिनं एका नावापुढे खूण केली असेल आणि पुढचा नंबर फिरवला असेल. त्या रात्री भेंडी खारट झाली. तिघांपैकी कुणीच ते बोलून दाखवलं नाही.

पुढचे काही दिवस मी गप्प राहिले. सांगू नको असं त्यांनी म्हटलं होतं. मध्यंतरी आमच्या राज्यापुरती एक चाचणी छापून आली. त्यात दुसरा किंचित वर सरकला होता. नवरा अस्वस्थ झाला. नाश्त्याला म्हणाला, “हे आऊटलायर असणार, एखादाच भरकटलेला आकडा. सॅम्पलमध्ये काहीतरी गडबड आहे.” मी बाबांकडे पाहिलं. ते पेपरातली गादीच्या सेलची जाहिरात फार मन लावून वाचत होते. त्या आकड्यात त्यांचा वाटा होता की नाही, देव जाणे. चाचण्या शंभर असतात. पण सॅम्पलमधली गडबड तिथेच टोस्टला लोणी लावून बसली आहे, हे मला तरी नाकारता येईना. देशभरात मात्र अजून आपलाच पुढे होता, चांगला पुढे. नवऱ्यानं कॉफी संपवली आणि म्हणाला, चला, म्हणजे ठरलंच.

लेबर डेच्या आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, तो पुण्याला ‘नाही’ कळवायला बसला. बाबा तळ्याकडे गेले होते. मेलची सुरुवात त्यानं मला वाचून दाखवली. जुन्या साहेबांचे आभार वगैरे. मी म्हटलं, थांब. ज्याच्या जोरावर हे लिहितो आहेस, त्यात कुणाकुणाला विचारलंय ठाऊक आहे का तुला? आणि मी त्याला सगळं सांगून टाकलं. सांगू नको असं बाबा म्हणाले होते, तरी सांगितलं. त्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

आधी तो खो खो हसला. यंगेस्ट मेल! त्याच्या डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. यार, हे शनिवारी सगळ्यांना सांगायलाच पाहिजे, म्हणाला. मग हसता हसता त्यानं विचारलं, “पण नाव कुणाचं घेतलं त्यांनी?”

मी सांगितलं.

“का?” तो म्हणाला. आणि मी उत्तर द्यायच्या आतच त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, की त्याचं त्यालाच कळलं. त्यानं लॅपटॉप थोडा बाजूला सरकवला. म्हणाला, मी तर त्यांना किती वेळा विचारलं. दर वेळी म्हणाले, मजेत आहे, तुमचं तुम्ही बघा. मी म्हटलं, तू विचारलंस म्हणूनच तसं म्हणाले. मुलानं विचारल्यावर कुठला बाप सांगेल, की मला एकट्याला राहवत नाही? तिऱ्हाइतानं विचारलं, तेव्हा निघालं तोंडातून. तेही आडून.

मग त्याला एक आधार सापडला. म्हणाला, पण तुझं काय? तुला तर इथे आवडतं.

“कधी म्हणाले मी?”

“आपण नवीन आलो तेव्हा. समुद्रावर गेलो होतो बघ, पहिल्या उन्हाळ्यात. तू म्हणालीस, मला इथून कधी परत जायचंच नाही.”

म्हणाले होते. मला आठवलं. लग्नाला चार महिने झाले होते, पायाखाली ओली वाळू होती, आणि व्हिसाच्या अटी म्हणजे काय असतात हे अजून कळायचं होतं. त्या संध्याकाळी मला कुणी उत्तर ध्रुवावर राहशील का विचारलं असतं, तरी मी हो म्हटलं असतं. आणि या माणसानं ते एक उत्तर इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. अख्ख्या अमेरिकेचं मत रोज सकाळी नव्यानं बघणारा हा, बायकोचं मत एकदाच घेऊन मोकळा झाला होता. मी त्याला हे असंच्या असं ऐकवलं. आवाज चढला होता माझा.

त्यानं ऐकून घेतलं. तेवढं त्याचं चांगलं आहे, चूक दिसली की वाद घालत नाही. म्हणाला, बरं, आता विचारतो. तुला परत जायचंय?

“हो,” मी म्हटलं. “मला शिकवायचंय.”

एवढं बोलायला मला किती वर्षं लागली होती, ते बोलल्यावर लक्षात आलं. मला हलकं वाटलं, आणि मग भीतीही वाटली, की आता हा पुन्हा रांग, घर, डॉलर, सगळं मांडून बसेल. तो मांडून बसला नाही. नुसता बसला.

तेवढ्यात बाबा आले. दारात बूट काढायला वाकले होते. नवरा उठून त्यांच्यापाशी गेला आणि म्हणाला, “बाबा, खरं सांगा. आम्ही परत यावं असं तुम्हाला वाटतं का?”

बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. त्यांनी एक बूट काढला, दुसऱ्याची नाडी सोडवत बसले. मला वाटलं, आता ते मजेत आहे म्हणणार, आणि सगळं मुसळ केरात. त्यांनी वर न बघताच सांगितलं, “मला विचारू नको. तू विचारलंस की मी राहाच म्हणणार.”

एवढं बोलून ते हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. नवरा दारातच त्यांच्या बुटांपाशी उभा राहिला. नंतर त्यानं ते उचलून रॅकवर नीट ठेवले, जे काम त्यानं आयुष्यात स्वतःच्या बुटांसाठीही केलं नव्हतं.

दुपारी त्यानं पुण्याला हो कळवलं. शनिवारच्या पॉटलकला भिंतीपाशी त्याची बरीच खरडपट्टी निघाली. आपला एवढा पुढे असताना कुणी असं करतं का? वर्षभर थांबला असतास तर? हा म्हणाला, घरची कारणं आहेत. मंडळींनी माना हलवल्या आणि ती पुन्हा आकड्यांकडे वळली. यंगेस्ट मेलची गोष्ट मात्र त्यानं कुणाला सांगितली नाही. मीही नाही सांगितली.

आम्ही हिवाळ्यात निघालो. पुण्यात एका कॉलेजात मला शिकवायचं काम मिळालं. बाबा नागपूरचं घर शेजारच्या काकूंच्या देखरेखीखाली सोडून आमच्याकडे आले, आणि आल्या दिवसापासून पुण्याला नावं ठेवायला लागले. इथल्या पोह्यांवर तर्री नाही. इथले दुकानदार वस्तू विकायला बसलेत की ती राखायला, हेच कळत नाही. संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर त्यांना नागपूरचे आणखी दोन म्हातारे सापडले आणि मग तिघं मिळून नावं ठेवू लागले. त्यांचं वजन वाढलं. मला ते बघून फार बरं वाटायचं.

अमेरिकेतल्या बातम्या आम्ही लांबूनच ऐकत होतो. कुणाला मॉरिसव्हिलला फोन केला की कळायचं, रांग आहे तिथेच आहे. आधी दुसऱ्याचं नाव मागे पडलं, नंतर आपल्याचंही. आदल्या उन्हाळ्यात ज्यांच्यावर आमच्या मंडळींनी आयुष्यं बेतली होती, त्या दोघांपैकी एकालाही त्याच्या पक्षानं शेवटी उमेदवारी दिली नाही. मी नवऱ्याला यावर काहीच बोलले नाही. म्हणजे एकदाच बोलले, पण चांगली दहा मिनिटं.

नोव्हेंबरात तिकडे रात्र असताना इकडे सकाळ होती. निकाल टीव्हीवर लागले होते. नवरा ऑफिसचे कपडे करून चहा घेत उभा होता, मी डबा भरत होते, बाबा खुर्ची पुढे ओढून बसले होते. त्यांनी सगळे आकडे नीट बघितले, पडद्यावरचे दोन्ही चेहरे बघितले. मग वळून म्हणाले, “मी ज्याचं नाव सांगितलं होतं, तो कुठंच दिसून नाही राहिला.”

आमच्या घरात त्या फोनचा विषय वर्षभरात कुणी काढला नव्हता. नवऱ्यानं कप खाली ठेवला. “तो उभाच नाही राहिला, बाबा,” तो म्हणाला. “तुमचं मत फुकट गेलं.”

“असू दे,” बाबा म्हणाले. “मी कुठं त्याला मत देऊन राहिलो होतो? तुला बोलावून राहिलो होतो.”